गॅलरीतलं पर्माकल्चर : सुरुवातीच्या या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे उत्साहाच्या भरात आधी नर्सरी गाठणं. पर्माकल्चर म्हणजे निसर्गाच्या रीतीवरून टिकाऊ बाग-शेती आखण्याची पद्धत; बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात ती मांडली. होल्मग्रेन यांच्या बारा तत्त्वांत पहिलं आहे निरीक्षण. मुंबईत त्याचा अर्थ, आधी ऊन ओळखा. दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन पार खोलीत शिरतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि तीच गॅलरी सावलीत जाते. हिवाळ्यात लगडलेला टोमॅटो उन्हाळ्यात रुसला की लोक खत वाढवतात, पण कमी पडलेलं असतं ऊन. दर महिन्याला ऊन कुठवर येतं, तिथे खडूने खूण करा. सावलीच्या जागी अळू, पुदिना, पानओवा लावा.

ग्रिलवर जड कुंड्या टांगू नका. वीस लिटरच्या बादलीत ओली माती भरली तर वजन तीस किलोच्या घरात जातं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

आता स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत करायचा डबा. ‘वास येतो’ म्हणून दुसऱ्याच महिन्यात तो बंद करणारे कितीतरी जण मी पाहिलेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण उपाय सोपा असतो. वास येतो तो ओलावा जास्त झाल्यामुळे: आत हवा खेळत नाही आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो. एक वाटी भाजीच्या देठांवर दोन वाट्या सुका पाला घाला, दोन-तीन दिवसांनी हलवा, डब्याला तळाशी आणि बाजूंनी भोकं हवीत. वरण-आमटीचं पाणी आत नको. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. फक्त पाला वाढवा.

खरी अडचण जुलैत येते. हवा दमट, कचरा ओला आणि सुका पाला शोधूनही मिळत नाही. तो फेब्रुवारी-मार्चमध्येच साठवायचा असतो. बदाम, पिंपळ यांची पानं तेव्हा सोसायटीच्या आवारात ढिगाने पडतात, आणि आपण ती कचऱ्याच्या गाडीत घालतो किंवा जाळतो. झाडणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा. चार गोणी भरा, दोन दिवस उन्हात वाळवा आणि जिन्याखाली कोरड्या जागी विटांवर ठेवा. जमिनीला टेकल्या तर पावसाळ्यात खालून ओल धरतात.