नुसत्या जिन्याला कंटाळून घर विकू नका: उतारवयात या चुका टाळा

आमच्या आत्याचं घर ठाण्यात, नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. गुडघे बोलायला लागले तसं ते विकून घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट आली, बाग आली, दारात वॉचमन आला. भाजीवाली मात्र सुटली. नौपाड्यात आत्या गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. मेथी, सुटे पैसे आणि गल्लीतल्या बातम्या एकाच दोरीने वर यायच्या. आता भाजी ॲपवरून येते, तीही सुनेला वेळ झाला तर. गडकरी रंगायतनला रात्रीचं नाटक म्हटलं की परतीच्या रिक्षाचीच काळजी.

पहिली चूक इथेच होते. आपण घर बघतो, घराभोवतीचं चालत्या अंतरातलं काही बघत नाही. डॉक्टर, औषधवाला, बँक, हाक मारली तर येईल असं एक तरी माणूस, हे सगळं दहा मिनिटांच्या पायी वाटेवर आहे का? आणि ती वाट रविवारी सकाळी ब्रोकरच्या गाडीतून पाहू नका. जुलैत, छत्री घेऊन, स्वतः चाला.

विकायची घाई तर नकोच. जुनं घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या आणि नव्या भागात भाड्यानेच राहून बघा. सामान दोनदा हलवायचा वैताग आहे खरा, पण विकलेलं घर परत मिळत नाही.

‘आता पुनर्विकास होणारच आहे, लिफ्ट येईल’ म्हणून जिने चढत बसणारेही पुष्कळ. झालाच, तरी मधली काही वर्षं भाड्याच्या घरात जातात. ते घर त्याच गल्लीत, पहिल्या मजल्यावर शोधा, लहान असलं तरी चालेल. भाडं आणि सामान हलवायचा खर्च बिल्डरबरोबरच्या करारात लिहून घ्या.

मुलाच्या नावे बक्षीसपत्र करताना अट घालायला लाजू नका. ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरणाकडून परत मागता येतं. म्हणून ती अट कागदावरच हवी. ‘आमचा मुलगा तसा नाही’ हे मान्य, तरी लिहा. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र वेगळं करावंच लागतं. अडचण आलीच तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567.

राहिलं बाथरूम. घर कुठलंही असो, हे आधी बघा. दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाचंच त्याला अडसर होतं आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. सुताराला बोलावून ते बाहेर उघडणारं करून घ्या. आतली कडी काढा, बाहेरूनही उघडेल असं कुलूप लावा. कमोडशेजारी दांडी भिंतीत पक्की बसवा, टॉवेलच्या स्टँडवर भार टाकू नका. आत्याकडे तो स्टँड दोनदा उखडला, तेव्हा कुठे सुतार आला.