टांकसाळीची स्मारक नाणी पुन्हा विकताना: नफा कुठवर आणि कशाचा

नव्या संसद भवनानिमित्त २०२३ मध्ये ७५ रुपयांचं नाणं निघालं. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त, म्हणजे नाण्यात साडेसतरा ग्रॅम चांदी. असं नाणं ७५ रुपयांना टांकसाळसुद्धा विकत नाही. त्यामुळे दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले म्हणून कुणी लुटारू ठरत नाही. वरचे पैसे कशाबद्दल घेतले, हे पाहावं लागतं. नाणं शोधणं, तपासणं, नीट जपणं, पैसे अडकवून ठेवणं, पार्सलची जोखीम उचलणं या कामांचे पैसे खुशाल घ्यावेत. समोरच्याला माहिती नाही म्हणून किंवा रांगेतल्या इतरांचा माल आपण आधीच उचलला म्हणून जे पैसे मिळतात, ते घेऊ नयेत. पुढचं सगळं या एका फरकावर चालतं.

किती नग घ्यायचे

आधी कायदा. नाणे कायदा, २०११ मध्ये ‘नाणं’ या शब्दात स्मारक नाणं येतं आणि एक रुपयाची नोटही येते. नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे. दर्शनी किमतीहून वेगळ्या भावाने विकण्यासाठी, वाजवी गरजेपेक्षा बऱ्याच जास्त संख्येने नाणी जवळ बाळगायलाही मनाई आहे. वाजवी म्हणजे किती, याचा आकडा कायद्यात नाही. संग्रहातला जास्तीचा नग विकणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही, पण बँकेतून पिशव्याच्या पिशव्या उचलून ‘नवीन डिझाइन, फक्त माझ्याकडे’ म्हणणारा नेमका या तरतुदीच्या तोंडाशी उभा असतो.

आम्ही सुचवतो तो हिशेब सोपा आहे. एका स्मारक नाण्याचे तीन नग: एक स्वतःच्या संग्रहाला, एक अदलाबदलीला, एक विकायला. भाऊ, वहिनी, शेजारचे काका यांच्या नावावर वेगवेगळी नोंदणी करून दहा नग आणायचे नाहीत. प्रत्येकी नगांवर मर्यादा घातलेली असते ती माल जास्त लोकांपर्यंत पोहोचावा म्हणून. नातेवाइकांच्या नावाने ती ओलांडणं हे नियमात बसवून केलेलं अप्रामाणिक वागणंच आहे.

चलनात येणारी स्मारक नाणी वेगळी मोजा. २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त १२५ रुपयांचं नाणं संग्राहकांसाठी निघालं, आणि १० रुपयांचं चलनासाठी. चलनातलं नाणं भाजीवाल्याच्या गल्ल्यात जायला हवं. ते बँकेच्या खिडकीवरूनच उचलून दुप्पट भावाने विकणं म्हणजे सुट्ट्या पैशांची टंचाई स्वतः तयार करून तिच्यावर कमाई करणं. एक रुपयाच्या कोऱ्या नोटांच्या गड्ड्यांचंही तेच. व्यवहारात हाती आलेलं चांगलं नाणं बाजूला काढून विकलंत, तर त्यात काही वावगं नाही.

‘मर्यादित’ म्हणण्याआधी

एसपीएमसीआयएल ही सरकारी कंपनी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या टांकसाळी चालवते आणि संग्राहकांची नाणी आपल्या संकेतस्थळावरून विकते. पुष्कळदा आधी नोंदणी होते, नाणं महिन्यांनी हातात येतं. नाणं ‘संपलं’ असं दिसलं तरी ते पुन्हा विक्रीला येऊ शकतं. म्हणून विक्रीची जाहिरात टाकायच्या दिवशी संकेतस्थळ उघडून पाहा. नाणं तिथे अजून मिळत असेल तर ग्राहकाला तसं सांगा. तरीही तो तुमच्याकडून घेईल, कारण त्याला आठवडाभरात भेट द्यायची असेल किंवा महिनोन्‌महिने थांबायचं नसेल. मग तुमचा नफा वेळ वाचवल्याचा आहे आणि तो चोख आहे.

किती नग पाडले याचा अधिकृत आकडा हाताशी नसेल तर आकडा लिहूच नका. ‘फक्त अमुक हजार नग’ ही या बाजारातली सगळ्यात स्वस्त थाप आहे.

आणखी एक पथ्य: नाणं हातात येण्याआधी पूर्ण पैसे घेऊ नका. नोंदणीच्या पावतीवर नाणं विकून टाकणारे पुष्कळ असतात. वितरण लांबलं, भाव उतरला किंवा डबा फुटून आला की ग्राहकाचे पैसे अडकतात. घ्यायचीच तर दहा टक्के उचल घ्या, परत करायची तारीख लिहून द्या.

तपासणी

विकणाऱ्याने स्वतः न तपासता ‘ओरिजिनल’ म्हणणं हा अप्रामाणिकपणाच, मग फसवायचा हेतू असो वा नसो. लागणारी साधनं थोडी आहेत: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्निअर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक लोहचुंबक, सुती हातमोजे.

टांकसाळीच्या बंद डब्यातलं किंवा कॅप्सूलमधलं प्रूफ नाणं बाहेर काढू नका. प्रूफ नाणं घोटलेल्या ठशांनी, घोटलेल्या चकतीवर, एकाहून जास्त दाबांनी पाडतात. पार्श्वभूमी आरशासारखी आणि उठाव दुधाळ दिसतो. बोटाचा एक ठसाही त्या आरशावर काही महिन्यांत तपकिरी डाग होऊन बसतो आणि तो निघत नाही. इथे भिंग, डब्याची अवस्था आणि मूळ पावती यांवरच भागवा.

सुट्या नाण्याची मात्र घनता मोजता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवतो तेवढ्या पाण्याची जागा नाण्याने घेतली. वरच्या चार धातूंच्या ३५ ग्रॅमच्या नाण्याला हा आकडा साधारण ३.६७ ग्रॅम यायला हवा. चांदीऐवजी तांबं-निकेलची चकती असेल तर तो ३.९ च्या पुढे जातो. १९६९ च्या गांधी शताब्दीच्या १० रुपयांच्या नाण्यात ८० टक्के चांदी, वजन १५ ग्रॅम. त्याचा आकडा १.४८ च्या आसपास येतो. दोऱ्याला किंवा नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो, म्हणून तीनदा मोजा. ही चांदीची नाणी चुंबकाला चिकटत नाहीत, चिकटलं तर पुढची तपासणी करायची गरजच उरत नाही.

टांकसाळीची खूण सालाजवळ शोधा. मुंबईचा चौकोनी हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर जुन्या काळी इंग्रजी ‘बी’ असे, १९९६ पासून ‘एम’ आहे. साध्या नाण्याला पॉलिश करून प्रूफ म्हणून खपवतात, ते या अक्षरावर पकडलं जातं.

नाणं घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी, ब्रासो यातलं काहीही लावलं की भिंगाखाली एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा दिसतात आणि संग्राहकाच्या लेखी किंमत कोसळते. आधीच घासलेलं नाणं हाती आलं असेल तर जाहिरातीत ‘घासलेलं’ असा शब्द लिहा. ‘चमकदार’ हा शब्द नको, तो खोटं न बोलता फसवतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये न चोळता बुडवून काढता येतो, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून दूर. नखांचं रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो.

भाव

खालची मर्यादा धातूची. त्या दिवशीचा चांदीचा भाव गुणिले शुद्ध चांदीचं वजन. कायद्याने नाणं वितळवता येत नाही, तेव्हा ही फक्त तुलनेची रेघ आहे. वरच्या बाजूला टांकसाळीची मूळ विक्री किंमत, कर, टपाल, कॅप्सूल आणि पैसे जितके महिने अडकले त्याचं व्याज धरा. इथपर्यंत खर्च झाला. टांकसाळीकडे अजून मिळणाऱ्या नाण्यावर त्यापुढे दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त मागणं आम्हाला पटत नाही. खरोखर बंद झालेल्या नाण्याला गेल्या काही लिलावांतले *विकले गेलेले* भाव पाहा. मागितलेले भाव कुणीही कितीही लिहितो. मूळ विक्री किंमत ग्राहकाने विचारली तर सांगा. ती सांगायला जीभ अडखळत असेल तर भाव जास्त लावलाय.

विकत घेताना

विकण्यापेक्षा इथे माणसाची परीक्षा जास्त होते. एखाद्या काकू नवऱ्याच्या पश्चात डबा घेऊन येतात आणि म्हणतात, ‘तुम्हीच काय ते द्या.’ त्यांना वजनावर भाव देऊन आतला प्रूफ सेट खिशात घालणं बाजारात रोज होतं. करायचं असं: नाणी त्यांच्यासमोर मांडा, प्रत्येकाची यादी कागदावर करा, दोन रकाने लिहा, धातूची किंमत आणि संग्राहक देईल ती किंमत. मग तुमचा देऊ केलेला भाव तिसऱ्या रकान्यात. पटकन विकल्या जाणाऱ्या नाण्याला संग्राहकाच्या भावाच्या ७० ते ८० टक्के द्यावेत, रेंगाळणाऱ्याला ५० ते ६०. कागद त्यांच्याकडेच राहू द्या आणि दुसऱ्या डीलरला दाखवून या असं सांगा. घाईने त्याच दिवशी पैसे हातावर ठेवू नका. घरात दुसरे वारस असतील तर त्यांची संमती लिहून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी पुतण्या दारात उभा राहतो.

जी विकायचीच नाहीत

रामदरबार किंवा हनुमान असलेली, ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ असं कोरलेली नाणी कंपनीने कधीच काढली नव्हती. ते अलीकडचे टोकन आहेत. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणारं ‘चमत्कारी’ नाणं म्हणून त्यांच्यावर लाखोंची फसवणूक होते. वैष्णोदेवीच्या चलनी नाण्याला लाखो रुपये मिळतात ही अशीच अफवा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांसाठी कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता: बँक असे व्यवहार करत नाही आणि कुणाला नेमतही नाही.

शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, हा वेगळा विषय. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. न्यू जर्सीतला मराठी माणूस कितीही प्रेमाने शिवराई मागो, नाही म्हणा. शेतात सापडलेली नाणी असतील तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ती ‘स्वस्तात’ घेणाऱ्याने इतिहासाचा पुरावाही पुसलेला असतो, कारण कुठल्या जागी, कशाबरोबर सापडली हे मग कधीच कळत नाही.

पार्सल आणि परतावा

कॅप्सूल हलणार नाही असा फोमचा खाच कापा, बाहेर ‘नाणी’ असं लिहू नका, विमा उतरवा, पॅक करतानाचा व्हिडिओ ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता घ्या. डाग असेल तर त्याचा जवळून फोटो वेगळा द्या. पावतीवर साल, टांकसाळ, प्रूफ की साधं, वजन आणि अवस्था लिहा. सात दिवसांत परत घेण्याची अट छापा, नाणं बनावट निघालं तर मुदत नाही, केव्हाही पैसे परत. उलाढाल वाढली की जीएसटीचा प्रश्न येतो. वापरलेल्या वस्तूंच्या व्यवहारात फक्त नफ्यावर कर लावण्याची सोय आहे, पण ती तुम्हाला लागू होते का हे सीएकडून लेखी घ्या आणि खरेदीच्या पावत्या नगवार जपून ठेवा.