बाळाची कार सीट बसवताना बेल्टचा क्लिक वाजला म्हणजे झालं असं नाही

मी पहिल्यांदा सीट बसवली तेव्हा पाच मिनिटांत आटोपलं, क्लिक वाजलं, खूश झालो, आणि खंबाटकीच्या वळणावर बघतो तर अख्खी सीट एका बाजूला कललेली. पोरगं झोपेतच होतं म्हणून बरं.

तर आधी मागच्या सीटची गादी आणि पाठ यांच्या मधल्या फटीत हात घालून बघा, लोखंडी कड्या लागल्या तर गाडीत आयसोफिक्स, म्हणजे बेल्टशिवाय कार सीट अडकवायची सोय, आहे. कार सीटचे दोन दांडे त्यात खटकन बसतात, बहुतेक सीटवर हिरवी खूण दिसते. पण तेवढ्यावर थांबू नका, तिसरा आधार लागतोच, एकतर कार सीटचा गाडीच्या तळाला टेकणारा पाय नाहीतर तिच्या पाठीमागून निघणारा वरचा पट्टा. पट्ट्याचा हुक कुठे अडकवायचा ते गाडीच्या पुस्तकात बघा, डिकीत सामान बांधायची कडी असते ती वेगळी, तिला लावू नका. आणि पाय असेल तर त्याच्याखाली पोकळ कप्पा नको.

आयसोफिक्स नसेल तर गाडीचाच बेल्ट. तो कुठून न्यायचा ते सीटवरच रंगाने दाखवलेलं असतं, साधारण निळा म्हणजे बाळाचं तोंड मागे, लाल म्हणजे पुढे. इथे खरी मेहनत आहे बघा, बकल लावा, मग सीटवर हाताने किंवा गुडघ्याने चांगला भार द्या आणि तसाच भार ठेवून खांद्याकडचा बेल्ट ओढत रहा, ढील संपेपर्यंत, घाम येतो. मग जिथून बेल्ट जातो तिथेच धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त सरकली तर परत पहिल्यापासून. वरचं टोक धरून हलवू नका, ते थोडं हलणारच.

तोंड मागे करूनच बसवा, आर१२९ या संयुक्त राष्ट्रांच्या कार सीट सुरक्षा नियमाच्या सीटमध्ये निदान १५ महिने तरी, पुढेही जमेल तितकं. आणि तशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही, कितीही रडलं तरी.

बाळाचे पट्टे: तोंड मागे असताना खांद्याच्या पातळीला किंवा जरा खाली, पुढे असताना पातळीला किंवा जरा वर. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा, घडी पडली तर सैल आहे. दुपट्यात गुंडाळून किंवा जाड स्वेटर घालून बांधू नका, आधी बांधा मग वरून पांघरूण टाका.

आमच्याकडे आजीचं म्हणणं, मी घेते की मांडीवर. तिला सांगितलं, ५० च्या स्पीडला गाडी आदळली तर दहा किलोचं पोर शंभर किलोच्या वर ओढ घेतं, तुझ्याच्याने धरवेल का? पटलं नाही, मग मोटार वाहन कायद्याचं १९४बी कलम आणि हजार रुपये दंड सांगितला, ते लगेच पटलं!

आणि उन्हात गाडी लावलीत तर सीटवर टॉवेल टाकून जा, बकलचा लोखंडी भाग असला चटका देतो ना की पुढच्या वेळी पोरगं सीट बघूनच भोकाड पसरतं.