ओळ कुठे संपते? विंडोजची फाइल लिनक्सवर चालवताना

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली मजकुराची फाइल) लिनक्सवर नेली की कधीकधी ती चालतच नाही. फाइल दहा वेळा वाचली तरी चूक सापडत नाही, कारण ती डोळ्यांना दिसणारी नसतेच. एरर मात्र नीट वाचा. बॅशच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नावाला ‘एम’ चिकटलेला असेल आणि त्याआधी टोपीसारखी खूण असेल, तर दोष ओळीच्या शेवटाचा आहे.

ओळ संपली हे सांगायला विंडोज दोन अक्षरं वापरतं: कॅरेज रिटर्न (सीआर, क्रमांक 13) आणि लाइन फीड (एलएफ, क्रमांक 10). लिनक्स आणि आजचं मॅकओएस नुसत्या एलएफवर भागवतात. म्हणून लिनक्सला उरलेलं सीआर ओळीचाच भाग वाटतं, आणि एररमधला टोपीवाला ‘एम’ म्हणजे तेच. मॅक ओएस 9 पर्यंत नुसतं सीआर होतं. नावं टेलिप्रिंटरच्या काळातली आहेत: एका हुकमाने छपाईचा गाडा डावीकडे परतायचा, दुसऱ्याने कागद एक ओळ वर सरकायचा.

1. आधी बघा, मग बदला. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोडमध्ये फाइल उघडा. खालच्या पट्टीत उजवीकडे ‘सीआरएलएफ’ किंवा ‘एलएफ’ लिहिलेलं दिसेल.

2. व्हीएस कोडमध्ये त्याच शब्दावर क्लिक करून ‘एलएफ’ निवडा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘एडिट’ मेनूत ‘ईओएल कन्व्हर्जन’ (ओळीचा शेवट बदलणं) आहे. मग सेव्ह करा. हे विसरून पुन्हा तीच एरर बघत बसणारे कमी नाहीत.

3. फाइली ढीगभर असतील तर लिनक्सवर ‘डॉस टू युनिक्स’ ही कमांड आहे. टाइप करताना ‘टू’च्या जागी 2 हा आकडा.

सरसकट सगळंच एलएफ करू नका. विंडोजच्या बॅच फाइली सीआरएलएफमध्येच ठेवा, नाहीतर त्या मध्येच विचित्र वागू शकतात. चित्रं, झिप यांना तर हातच लावू नका. तिथला 13 क्रमांक ओळीचा शेवट नसतो, तो काढलात तर फाइल बिघडते.

फाइलींमधले बदल नोंदवणारं गिट वापरत असाल तर खरा मनस्ताप वेगळाच: एक शब्द बदलला, आणि फरकात अख्खी फाइल बदललेली दिसते. त्यावर प्रत्येकाच्या संगणकावरची सेटिंग जुळवत बसण्यापेक्षा प्रकल्पातच ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइल ठेवावी (नावाआधी टिंब) आणि तिच्यात मजकुराच्या फाइलींचा नियम लिहावा. म्हणजे तो सगळ्यांना आपोआप लागू होतो.

उलट बाजूची तक्रार, म्हणजे लिनक्सची फाइल नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसणं, 2018 च्या विंडोज 10 अपडेटनंतर मिटली.