डीफो मॅनर उघडला एकदाचा!

बेन क्रॉशॉने २००३ मध्ये केलेला ‘फाइव्ह डेज अ स्ट्रेंजर’ हा फुकटचा गेम. ट्रिल्बी नावाचा टापटिपीचा चोर इंग्लंडमधल्या डीफो मॅनर नावाच्या जुन्या हवेलीत शिरतो आणि आतच अडकतो. मी मात्र बाहेरच अडकलो होतो! नव्या लॅपटॉपवर गेम सुरू केला की स्क्रीन काळीठिक्कर, फक्त आवाज. भुताटकी म्हणावी तर मॅनर अजून दिसलाच नव्हता.

गेम ‘अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ’ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला, ३२० बाय २०० पिक्सेलचा. माझ्या स्क्रीनला तो आकार फुल स्क्रीनमध्ये झेपत नसावा, असा अंदाज बांधला. गेमच्या फोल्डरमध्ये ‘विनसेटअप’ नावाची छोटी फाइल असते, तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती उघडून गेम खिडकीत चालेल असं केलं आणि तिप्पट मोठा करणारा फिल्टर लावला. चाललं! पण माणसं जरा बुटकी दिसायला लागली. जुन्या चौकोनी मॉनिटरवर हीच चित्रं उभी ताणली जायची, त्याचा हा परिणाम.

मग स्कमव्हीएम हा जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम टाकला. २०२१ च्या २.५.० आवृत्तीपासून तो या स्टुडिओत बनवलेले गेमही चालवतो. गेमचं फोल्डर दाखवलं, ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो करेक्शन’वर, म्हणजे चित्राची उंची-रुंदी नीट करणाऱ्या पर्यायावर, टिक केली. ट्रिल्बी पुन्हा सडपातळ झाला. रात्री दीडपर्यंत खेळलो, दिवा लावूनच.