आजीला घारापुरीला न्यायचंय? मग हे वाचा

पहिलं म्हणजे सोमवार सोडून जा, सोमवारी घारापुरीची (एलिफंटाची) लेणी बंद असतात, आणि पावसाळ्यात तर विचारही नको. गेटवेवरून सकाळच्या पहिल्या एक-दोन बोटींपैकी एक पकडायची, साधारण तासाभराचा प्रवास, ऊन चढायच्या आत वर पोचलं पाहिजे.

खरी कसोटी बोटीत चढताना. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या, बोट वरखाली हलत असते, कधीकधी तर एका बोटीतून दुसरीत जावं लागतं. आमच्या आजीने नऊवारी नेसून एक हात खलाशाच्या हातात, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि चपला माझ्या मामाच्या हातात अशी एंट्री घेतली होती 😄 एकाने आधी आत उतरायचं, एकाने मागे राहायचं, घाई अजिबात नाही. लाइफ जॅकेट घालायलाच लावा, कितीही कुरकुर केली तरी.

तिथे धक्क्यावरून छोटी ट्रेन आहे, पण पुढे 120 च्या आसपास पायऱ्या आहेतच. गुडघे दुखत असतील तर सरळ डोली करा, भाव आधीच ठरवा, जाऊन-येऊन. आजी आधी "मी काय म्हातारी झाले का" म्हणणारच, बसल्यावर मात्र राणीसारखी बघते.

खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं हातातून बाटलीसुद्धा पळवतात. वर त्रिमूर्तीसमोर, जवळजवळ 6 मीटर उंच आहे ती, आजीला निवांत बसू द्या. बाकीची लेणी तुम्ही पोरं बघून या.

परतीची शेवटची बोट किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.