ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये लायसन्स अडकलंय? मग या चुका टाळा

‘कोर्टात दंड भरला, विषय मिटला’ ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा खटला कोर्टात चालतो. लायसन्सचं काय करायचं ते कलम १९ खाली आरटीओ ठरवतं. दोन्ही वाटा वेगळ्या.

नेहमी घडतं ते असं. घाई झालेला माणूस पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतो आणि पावती खिशात घालून सुटतो. आरटीओची कारणे दाखवा नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते, आणि ती भाड्याची खोली त्यानं कधीच सोडलेली असते. सुनावणीला हा गैरहजर, लायसन्स निलंबनाचा आदेश एकतर्फी. कळतं ते थेट पुढच्या नाकाबंदीत, निलंबन असताना गाडी चालवल्याचा कलम १८२ चा नवा गुन्हा लागल्यावर: तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणून लायसन्स जमा झालं की सध्याचा पत्ता आरटीओला लेखी कळवा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. एजंटच्या ‘बघतो मी’ला पोच नसते.

आदेशाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं आणि आदेशात कारणं लिहिणं आरटीओवर बंधनकारक आहे. पण तिथे जाऊन ‘साहेब, पोटावर पाय देऊ नका’ एवढंच म्हणू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्येच अशा प्रकरणांत किमान तीन महिने निलंबनाचे निर्देश दिलेत. नुसत्या गयावयेनं काही हलत नाही. बोट ठेवायचं ते नोंदींवर: फुंकायच्या श्वासचाचणी मशीनच्या चिठ्ठीवरची वेळ, आकडा, गाडीचा नंबर, वैद्यकीय अहवाल. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल.

अपिलाची मुदत ३० दिवस, आदेश हातात पडल्यापासून. त्यामुळे पाकीट फेकू नका. त्यावरचा टपाल शिक्का आणि ट्रॅकिंगची प्रिंट हाच मुदतीचा पुरावा. अपिलावरचा निर्णय अंतिम असतो, तेव्हा कागद हप्त्याहप्त्यानं देऊ नका, सगळे पहिल्याच वेळी जोडा.

फुंकायला नकार देणं ही हुशारी नव्हे. कलम २०५ प्रमाणे तो तुमच्याच विरोधात धरता येतो. मशीनवर शंका असेल तर तिथेच रक्ततपासणी मागा.

अटक झाली तर वेळ लिहून ठेवा. दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर कलम २०२ प्रमाणे सोडावं लागतं.